पोरगा लईच हळू बोलतो, काळजी करायची का?

"मॅडम, पोरगं लईच मऊ बोलतंय ओ, मार्केट यार्डात ह्याचा निभाव कसा लागायचा?" असं विचारत सांगलीतले एक अडते आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). हळदीचा धंदा, सौदे निघाले की नुसता आरडाओरडा, आणि बी.कॉम. करून दुकानात बसलेला मुलगा आवाजच चढवत नाही. घरात सगळे त्याच्या तोंडावर त्याला मुखदुर्बळ म्हणायचे. मुलांसाठी अशी काळजी घेऊन बरेच आईबाप येतात, मुलींसाठी कोणी येत नाही, तिथं हळू बोलणं म्हणजे चांगलं वळण, हे मला फार खटकतं.

मुलाशी एकट्याशी बोलले. म्हटलं, शेतकरी दरावरून अडून बसला तर काय करतोस? "सांगतो की. काका, ह्यात गड्डा मिसळलाय, हळकुंडाचा दर नाही लागणार, वेगळं काढा, मी थांबतो." (गड्डा म्हणजे हळदीचा मधला जाड कंद, त्याला हळकुंडापेक्षा दर कमी.) आवाज इतका बारीक की मला खुर्ची पुढं ओढावी लागली, पण नजर सरळ आणि वाक्य पूर्ण. नकारच दिला ना त्याने, तोही समोरच्याचा मान ठेवून. हा मृदुभाषी झाला. मुखदुर्बळ माणसाचं म्हणणं घशातच राहतं.

ज्ञानेश्वरीत तेराव्या अध्यायात "साच आणि मवाळ, मितुले आणि रसाळ" असं येतं. मवाळच्या आधी साच, म्हणजे खरं. तर खरं बोलायची वेळ आली की मूल बोलतं का गिळतं, तेवढं बघा, आवाजाची पट्टी सोडून द्या.

वडिलांना एकच काम दिलं, तो गिऱ्हाइकाशी बोलत असताना मध्ये पडायचं नाही, "जोरात बोल की" तर अजिबात नाही, कारण तुम्ही वाक्य तोडता म्हणून तो अजून हळू होतो. त्यांना जड गेलं. पण परत आले तेव्हा म्हणाले, "काही शेतकरी आता त्यालाच विचारत येत्यात."

मात्र मूल नको त्या गोष्टीला हो म्हणून येत असेल, फोन टाळत असेल, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम, धडधड, पोटात गोळा, आणि त्यापायी कॉलेज किंवा काम बुडवत असेल, तर स्वभाव म्हणून सोडू नका. ती भीती आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. कुठं जायचं सुचत नसेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.