पहिला डबा घेण्याआधी

भाऊ, पाईपच्या तंबाखूची सुरुवात लॅटाकियाने करू नकोस. सायप्रसचं ते पान लाकडाच्या धुरात वाळवतात. डबा उघडला की चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं. मला ते फार प्रिय आहे, पण जीभ तयार व्हावी लागते. आधी साधं व्हर्जिनिया जातीचं पान घे. त्यात वाळल्या गवताचा, सुक्या फळांचा गोडवा असतो, तो पानातल्याच साखरेचा. घाईने ओढलंस तर जीभ पोळेल, म्हणून अगदी सावकाश. धूर छातीत घ्यायचा नाही. आणि नाही घेतला तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे समजून ठरव.

बर्ली ही दुसरी जात कमी गोड, पण वरून दिलेला वास छान शोषते, म्हणून व्हॅनिलाच्या मिश्रणांत बहुधा तीच असते. पेरीक हे पान अमेरिकेतल्या लुइझियानाचं, पिंपात दाबून आंबवलेलं, मिरीसारखं तिखट. ते मिश्रणात थोडंसंच हवं.

जुन्या डब्यांमागे धावू नकोस. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची मॅक्लेलँड ही तंबाखू कंपनी 2018 मध्ये बंद झाली. डनहिल या ब्रँडचं नावही डब्यांवरून गेलं. डनहिलची बरीच मिश्रणं आता पीटरसन या ब्रँडच्या नावाने येतात. नवख्याला तीच पुरेत.

आणि आपला नागपूरचा मे! डबा उघडा राहिला तर पान दोन दिवसांत कुरकुरीत होतं, कूलरसमोर ठेवलास तर दमट. रबरी चकतीची काचेची बरणी घे, गच्च भर, अंधाऱ्या कपाटात ठेव. ओढण्याआधी चिमूट दाबून बघ: पान हळूहळू मोकळं झालं, तर ते तयार आहे.