‘शुगर’ म्हणजे नेमकी कुठली शुगर?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात डेटाचं काम बघतो. आमच्याकडे बारा वर्षांचा डेटा आहे, निदानं, तपासण्या, औषधं सगळंच, पण कोड आमचे स्वतःचे आणि निम्म्या ठिकाणी तर ज्याला जसं सुचलं तसं टाइप केलेलं. आता दुसऱ्या हॉस्पिटलांबरोबर अभ्यास करायचा म्हणून सगळं ओमॉपमध्ये न्यायचं ठरलंय. उसागी नावाचं टूल मॅपिंग सुचवतं, म्हणजे आमच्या कुठल्या शब्दाला तिथला कुठला कोड लावायचा ते, त्यामुळे पंधरा दिवसांत उरका असा वरून निरोप आहे. होईल का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : पंधरा दिवसांत नाही होणार, आणि हे तुम्ही वर आत्ताच सांगा, कारण घाईत केलेलं मॅपिंग दिसायला अगदी पूर्ण दिसतं, सगळे रकाने भरलेले असतात, आणि चूक सापडते ती कुणीतरी त्यावरून निष्कर्ष काढल्यावर.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते, ओमॉप म्हणजे आरोग्याचा डेटा ठेवायचा एक ठरलेला साचा. पेशंट, भेटी, आजार, औषधं, तपासण्या यांची टेबलं ठरलेली आणि प्रत्येक गोष्टीला जगभर एकच नंबर. म्हणजे टाइप टू डायबेटिस कुणी कसाही लिहिलेला असो, साच्यात तो २०१८२६ होतो, मग एकच क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, दहा हॉस्पिटलांत चालते आणि पेशंटचा डेटा कुणाला बाहेर पाठवावाही लागत नाही, फक्त आकडे जातात. हे स्टँडर्ड नंबर तयार कोडसंग्रहांतून येतात, आजारांचे मुख्यतः स्नोमेडमधून, तपासण्यांचे लॉइंकमधून, औषधांचे आरएक्सनॉर्ममधून.

आता उसागी. टूल चांगलंय, मी स्वतः वापरते, पण ते शब्दाला शब्द किती जुळतो एवढंच बघतं, तुमच्या वॉर्डात तो शब्द कशासाठी वापरतात ते त्याला कुठून कळणार? ‘पीटी’ घ्या. लॅबवाल्यासाठी ती रक्त गोठण्याची तपासणी, वॉर्डात फिजिओथेरपी, आणि एखादा घाईतला डॉक्टर पेशंट या शब्दालाही पीटीच लिहितो. मी एका ठिकाणी काम करत असताना हीच नोंद दोन दिवस आमच्या यादीत अडकली होती, शेवटी वॉर्डच्या सिस्टरांना विचारलं तेव्हा एका मिनिटात उलगडा झाला. तर सुरुवात टूलपासून नाही, माणसांपासून करा. ज्यांनी ती नोंद केली किंवा रोज करतात त्यांना यादी घेऊन भेटा आणि यादीत नुसता कोड नको, तो कुठल्या विभागातून आला, किती वेळा आला आणि पहिल्यांदा नि शेवटचा कधी आला हेही लिहा. जास्त वेळा येणारे कोड आधी घ्या, बहुतेक ठिकाणी थोडेच कोड बऱ्याचशा रो, म्हणजे टेबलातल्या ओळी, व्यापतात, पण ज्या आजाराचा अभ्यास करायचाय त्याचे कोड दुर्मिळ असले तरी हातानेच तपासा.

एक मोह मात्र टाळा. नोंदीत फक्त ‘डायबेटिस’ लिहिलंय आणि बहुतेक पेशंट टाइप टूचेच असतात, म्हणून २०१८२६ टाकून मोकळं व्हायचं. नका करू. नुसत्या डायबेटिसला वेगळा नंबर आहे, २०१८२०, तोच द्या. नोंदीत जेवढं आहे त्यापेक्षा जास्त आपण सांगायचं नाही, उगाच बारकाई आणली की पुढचा माणूस ती खरी धरून चालतो. आणि काही जुळतच नसेल तर शून्य टाका. ओमॉपमध्ये शून्य म्हणजे ‘स्टँडर्ड जुळलं नाही’, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मूळ शब्द सोर्स व्हॅल्यूच्या कॉलममध्ये जसाच्या तसा, अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट ठेवा, उद्या कुणाला चांगला नंबर सापडला तर मॅपिंग परत करता येईल. दोनशे कोटींच्या वरचे नंबर स्वतःच्या कोडसाठी वापरायची सोय आहे, पण ते बाकीच्या हॉस्पिटलांना कळत नाहीत, म्हणून फारच गरज असेल तरच.

आणखी एक, ‘निदान’ या कॉलममधलं सगळं उचलून आजारांच्या टेबलात टाकू नका. आयसीडी-१० या निदानांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत झेड८०.३ म्हणजे घरात कुणाला तरी स्तनाचा कॅन्सर होता. बाईंना स्वतःला काही नाही. हा कोड आंधळेपणाने आजारांमध्ये ढकलला की ती धडधाकट बाई तुमच्या डेटात कॅन्सरची पेशंट होऊन बसते. रो कुठल्या टेबलात जायची हे तुमचा कॉलम ठरवत नाही, स्टँडर्ड नंबरचं डोमेन, म्हणजे तो कुठल्या गटातला आहे ते, ठरवतं, आणि याचं डोमेन आजार नाही, ऑब्झर्व्हेशन आहे.

औषधांत पॅरासिटामॉल शोधून सापडलं नाही तर घाबरू नका, आरएक्सनॉर्म अमेरिकेचं असल्यामुळे तिथे ते ॲसिटामिनोफेन असतं आणि साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. त्यामुळे ब्रँडवरून आधी घटक काढा, मग शोधा.

प्रश्न : आमच्या लॅबच्या डेटात ‘शुगर’ नावाची एकच तपासणी आहे. लॉइंकमध्ये ग्लुकोज शोधलं तर ढीगभर कोड येतात. कुठला घेऊ? युनिटचा कॉलम बराचसा रिकामा आहे.

उत्तर : तो ढीग उगाच नाहीये. उपाशीपोटी, जेवणानंतर, शिरेतलं रक्त, बोटातून काढलेलं, वजनात मोजलेलं की मोलमध्ये, प्रत्येकाला वेगळा कोड आहे आणि तुमच्या एका ‘शुगर’मध्ये हे सगळं एकत्र मिसळलेलं असण्याची शक्यता खूप. आधी वेळ आणि ठिकाण बघा, वॉर्डमधल्या ग्लुकोमीटरच्या नोंदी बऱ्याचदा तिथेच वेगळ्या काढता येतात. उरलेल्यांत उपाशीपोटी की नाही ते कळतच नसेल तर साधा, वेळेचा उल्लेख नसलेला कोड द्या.

युनिटसाठी मी एक गोष्ट नेहमी करते, महिन्याचा मधला आकडा काढून ग्राफ काढते. एका लॅबच्या ग्राफमध्ये बरीच वर्षं रेष शंभराच्या आसपास चालली होती आणि एका महिन्यात धपकन साडेपाचवर आली. पेशंट बरे झाले नव्हते, मशीन बदललं होतं, मिलिग्रॅम पर डेसिलिटरचं मिलिमोल पर लिटर झालं होतं आणि युनिट कुणी भरलंच नव्हतं. ग्लुकोजमध्ये हा फरक साधारण १८ पटींचा असतो म्हणून लगेच दिसला, क्रिएटिनिनमध्ये ८८ पट. पण प्रत्येक वेळी इतकं ढळढळीत नसतं, तेव्हा लॅबच्या टेक्निशियनला मशीन कधी बदललं ती तारीख विचारा, त्यांना ती बहुतेक पाठ असते. मूळ आकडा आणि रूपांतर केलेला आकडा दोन्ही जपा, रूपांतराचा नियमही लिहून ठेवा. रिपोर्टमध्ये ‘५ पेक्षा कमी’ असं असेल तर ५ लिहून पुढे जाऊ नका, ‘पेक्षा कमी’साठी ओमॉपमध्ये ऑपरेटरचा वेगळा कॉलम आहे.

प्रश्न : आमचे सॉफ्टवेअरवाले म्हणतात फायर वापरा, डेटाचे लोक म्हणतात ओमॉप. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही. फायर एका सिस्टिमकडून दुसरीकडे एका पेशंटची माहिती पोचवायला, ओमॉप लाखभर पेशंटचा एकत्र अभ्यास करायला. पण तुमच्या ‘शुगर’चा अर्थ लावायचं काम दोन्हीकडे तेवढंच करावं लागणार आहे, त्यामुळे मॅपिंगची यादी एकच ठेवा, प्रत्येक ओळीपुढे कुणी ठरवलं, कधी ठरवलं आणि का ठरवलं हे लिहा, आणि ती यादी कुणा एकाच्या लॅपटॉपवर पडून राहू देऊ नका.