पासोडी म्हणजे नेमकं काय? पुण्यातल्या पासोड्या विठोबाशी तिचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि थेट आहे.

पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताची, बहुधा दुहेरी केलेली चादर. अंथरायला घ्या, नाहीतर पांघरायला. पासोडी आणि गोधडी एकच का? नाही. गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर असतात आणि त्यांवर धावदोरा. रजईत कापूस, घोंगडी लोकरीची. पासोडीत आत काही भरलेलं नसतं, तिची ऊब कापडाच्या जाडीतच. आमची आजी दिवाळीच्या सुमारास म्हणायची, "रजई नको अजून, पासोडी काढ." म्हणजे हवेत गारवा आलाय, पण हुडहुडी भरायला वेळ आहे.

जुन्या मराठीत हाच शब्द 'पासवडी' असा येतो. पुढे 'अव'चा 'ओ' झाला. 'लवण'चं 'लोण' होऊन लोणचं आलं, तसंच हे.

पुण्यात बुधवार पेठेतल्या विठोबाच्या देवळापाशी घोंगड्या-पासोड्या विकणारे बसत, म्हणून तो पासोड्या विठोबा. देवाला आजूबाजूच्या वहिवाटीवरून नाव द्यायची ही पुणेरी रीत मला फार आवडते. तिच्यामुळेच हा शब्द आज रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे.

पण पासोडी म्हटलं की मला आधी आठवतात आंबेजोगाईचे दासोपंत (1551–1615). एकनाथांच्या काळातले हे दत्तभक्त कवी. त्यांनी सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा खादीच्या कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच तत्त्वं एकमेकांत मिसळून सृष्टी कशी घडते, याचं हे ओवीबद्ध विवेचन. सोबत समजावून द्यायला आकृत्याही. पोथीची सुटी पानं एकामागून एक उलटावी लागतात. इथे अख्खा विषय एका कापडावर उलगडत जातो. विचार करा, त्या मजकुराला 'पट' नाही, 'ग्रंथ' नाही, लोकांनी 'दासोपंतांची पासोडी' म्हटलं. घरात रोज झटकून घडी घालायच्या कापडाचं नाव! ती आंबेजोगाईत आजही जपून ठेवलेली आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला गेलात तर दासोपंतांच्या समाधीकडे जरूर वळा, आणि तिथे पासोडीची चौकशी करा.