टाऊ दिसतो, अमायलॉइड का दिसत नाही?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अल्झायमरग्रस्त मेंदूचे 5 मायक्रॉनचे पॅराफिन काप रंगवते आहे. सायट्रेट बफरमध्ये उकळल्यावर एटी-8 या अँटीबॉडीने (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूने) टाऊ प्रथिनाच्या गाठी स्वच्छ दिसतात. त्याच पद्धतीने बीटा-अमायलॉइड प्रथिनाची 4जी8 ही अँटीबॉडी लावली, तर त्याचे ठिपके फिके येतात आणि कापाच्या कडा तपकिरी होतात. अँटीबॉडी खराब असेल का?
– एक विद्यार्थिनी, मिरज (जि. सांगली)

उत्तर : नवी अँटीबॉडी मागवायची घाई नको, ती महाग असते. आधी फॉर्मिक ॲसिड वापरून पाहा. ठिपक्यांत बीटा-अमायलॉइड इतकं घट्ट घडी घालून बसलेलं असतं की अँटीबॉडीला धरायची जागा आतच दडून राहते. नुसत्या उकळण्याने ती घडी पुरेशी सुटत नाही. टाऊचं तसं नाही. एटी-8 बऱ्याचदा न उकळताही लागते.

झायलीन, अल्कोहोल करून मेण निघालं आणि काप पाण्यात आला की 80 टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये 5 मिनिटं ठेवा. काचेचंच भांडं घ्या, काम फ्यूम हूडमध्येच करा. मग वाहत्या पाण्याखाली चांगली 10 मिनिटं धुवा. इथे घाई झाली की आम्ल उरतं, अँटीबॉडी चिकटत नाही आणि दोष पुन्हा तिच्याच माथी येतो. त्यानंतर ऊतीतल्या एन्झाइमने आपोआप रंग उमटू नये म्हणून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 10 मिनिटं, आणि पुढचं नेहमीप्रमाणे. साध्या स्लाइडवरून काप या आम्लात सुटून तरंगू लागतो. चार्ज्ड (काप धरून ठेवणारी, विद्युतभारित) स्लाइड घ्या आणि आधी 60 अंशांवर तासभर भाजा.

कडांचा तपकिरी रंग बहुधा सुकण्याचा आहे. सांगली-मिरजेच्या एप्रिलात पंख्याखाली उघडा ठेवलेला काप कडेने लगेच वाळतो. डब्यात ओला टिशू पेपर घालून झाकण लावा, पंखा बंद करा. सगळाच काप तपकिरी झाला, तर मात्र पेरॉक्साइड जुनं झालंय का ते पाहा.

मोजणीआधी एक स्लाइड पहिल्या अँटीबॉडीशिवाय (इथे 4जी8शिवाय) रंगवाच. वयस्कर मेंदूच्या पेशींत लिपोफ्युसिन हे मुळातच पिवळट-तपकिरी रंगद्रव्य असतं. तिथेही ते दिसलं, तर तो तुमचा डाग नव्हे. शिवाय 4जी8 ही अमायलॉइडच्या मूळ प्रथिनालाही चिकटते, त्यामुळे पेशीच्या आत उमटलेला रंग ठिपक्यांत धरू नका.

प्रश्न : अँटीबॉडीऐवजी काँगो रेड या अमायलॉइड रंगवणाऱ्या रंगावर भागेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अर्धंच. ध्रुवित प्रकाशात हिरवी झाक देणारे घट्ट, तंतुमय ठिपके आणि रक्तवाहिन्यांतलं अमायलॉइड दिसेल. विरळ, पसरट ठिपके निसटतील. काप 8 ते 10 मायक्रॉनचा ठेवा, पातळ कापात ती झाक हरवते.