सरकारी, सार्वजनिक की लोकसेवा?

माटुंग्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: 'पत्रकारितेच्या वर्गासाठी लिहिलेल्या निबंधात माझं एक वाक्य होतं, "सरकारी प्रसारकांवरील राजकीय दबाव लोकशाहीला घातक आहे." बाईंनी "सरकारी" खोडून वर "लोकसेवा" लिहिलं आणि "दबाव"खाली रेघ मारून समासात "दडपण?" असं विचारलं. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंगला मराठीत नक्की काय म्हणायचं? आणि दबाव काय, दडपण काय, एकच ना?'

बाईंनी 'सरकारी' खोडलं ते योग्यच केलं. जे सरकारचंच आहे त्यावर सरकारने दबाव कशाला आणायचा? मंत्री आपल्या खात्याच्या प्रसिद्धिपत्रकावर दबाव आणत नाही, हवं तसं लिहवून घेतो. दबाव आला म्हणायचं तर समोरचा निदान कागदोपत्री तरी वेगळा असावा लागतो. तुमच्या वाक्यातल्या तक्रारीचा पायाच 'सरकारी' या शब्दाने निखळतो.

मात्र त्या जागी आलेलं 'लोकसेवा' मला रुचत नाही. ते हिंदीच्या वाटेने आलं आहे. 'लोक सेवा प्रसारक' हा दिल्लीच्या कागदपत्रांतला शब्द. मराठी कानाला 'लोकसेवा' म्हटलं की पुढे 'आयोग' ऐकू येतो आणि दादरच्या अभ्यासिकांमधली मुलं डोळ्यांसमोर उभी राहतात. कायद्याच्या भाषेत 'लोकसेवक' म्हणजे सरकारी नोकर. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेलं सरकार मागच्या दाराने घरात. 'राष्ट्रीय प्रसारक' असंही कुणी लिहितं, पण त्यातून मालकी कुणाची ते कळत नाही.

माझं मत 'सार्वजनिक प्रसारण' या शब्दाला, आणि त्याला कारण मराठीच्याच इतिहासात आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग या नावांमुळे हा शब्दही आता सरकारी फायलीचा वाटतो. पण १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा तिचा सभासद व्हायला किमान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सरकारसमोर उभं राहून बोलायचं, आणि ज्यांनी सह्या दिल्या त्यांच्या वतीने बोलायचं. गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' झाले ते याच अर्थाने. सार्वजनिक गणेशोत्सवातही हाच अर्थ शिल्लक आहे: वर्गणी सगळ्यांची, म्हणून हिशेब मागायचा हक्कही सगळ्यांचा. लालबाग-परळमध्ये कुणी मंडळाला 'सरकारी' म्हणून बघावं!

मुंबईत तर रेडिओ सरकारी म्हणून जन्मलाच नाही. १९२३ पासून इथे हौशी रेडिओ क्लबची प्रक्षेपणं होत होती. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचं. रेडिओ बाळगणाऱ्यांकडून परवान्याचे वर्षाला दहा रुपये घेतले जात, त्यात कंपनीचा वाटा असे. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. नवं नाव इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस, म्हणजे 'स्टेट' पाटीवरच. १९३६ मध्ये त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं, तेव्हा 'स्टेट' पाटीवरून गेलं, खुर्चीवरून हललं नाही. लोकांच्या तोंडी 'सरकारी रेडिओ' बसला तो तेव्हापासून, आणि तो बोलीत बसला यात लोकांची काही चूक नाही.

थोडं विषयांतर. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, लपतछपत. पोलिसांनी तो पकडला १२ नोव्हेंबर १९४२ रोजी. बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी रेडिओवरून बोलले. आकाशवाणीच्या स्टुडिओत ते तेवढेच एकदा गेले. त्या दिवसाची आठवण म्हणून १२ नोव्हेंबर हा सार्वजनिक प्रसारण दिन पाळतात. मुंबईतली तारीख कुणाच्या लक्षात असते की नाही, देव जाणे.

'आकाशवाणी' या शब्दातही एक गोम आहे. पुराणातली आकाशवाणी कंसाला ऐकू येते, पण कंसाला तिला उलट विचारता येत नाही. वरून येते ती, ऐकून घ्यायची. मुंबईत 'आकाशवाणी' म्हटलं की निम्म्या लोकांना चर्चगेटकडचं त्याच नावाचं आमदार निवास आठवतं, आणि मंत्रालय तिथून हाकेच्या अंतरावर. भूगोलाने केलेला विनोद, दुसरं काय.

पण विनोद बाजूला ठेवू. 'सरकारी' आणि 'सार्वजनिक' यांतला फरक आपल्याला कळला तो आणीबाणीत. १९७६ मध्ये किशोरकुमारने सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला सहकार्य केलं नाही, तर त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. ऑल इंडिया रेडिओला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले ते याच काळात. स्वायत्ततेची शिफारस त्याआधीच, १९६६ मध्ये, चंदा समितीने करून ठेवली होती. आणीबाणीनंतर वर्गीस समितीने 'आकाश भारती' नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या स्वायत्त संस्थेचा कायदा झाला १९९० मध्ये आणि लागू झाला १९९७ मध्ये. मधल्या सात वर्षांत सत्तेवर आलेल्या कुठल्याच पक्षाला घाई नव्हती, हे लक्षात ठेवा. या बाबतीत सगळे एका माळेचे मणी.

याच काळात, १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. मुख्य निकाल लिहिला तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. न्यायमूर्ती जीवन रेड्डींनी वेगळ्या निकालपत्रात सरळच म्हटलं की सरकारी नियंत्रण म्हणजे प्रत्यक्षात त्या वेळी सत्तेवर असलेल्या पक्षाचं नियंत्रण. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यापेक्षा नेमकं मला देता येणार नाही.

आता कुणी म्हणेल, प्रसारण कायद्याने सार्वजनिक झालं, मग लोक अजून 'सरकारी' का म्हणतात? कारण पगार केंद्राच्या अनुदानातून होतात. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार निर्देश देऊ शकतं, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. तेव्हा बोलताना 'सरकारी' म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, तो हकिगत सांगतो. लिहिताना मात्र आपण 'सार्वजनिक' हा शब्द सोडू नये. तो सोडला की मागणीच संपते. 'सरकारी वाहिनी सरकारचंच बोलणार' असं म्हणून आपण सगळे घरी जाऊ शकतो.

आणि ते सार्वजनिक असतं तेव्हा काय होतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. १९७७ पासून निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो. सरकारला शिव्या घालणारा विरोधी नेता त्याच मायक्रोफोनवरून बोलतो. ससून डॉकवरून होडी काढणाऱ्याला वादळाचा इशारा, शेतकऱ्याला बाजारभाव, जाहिरातदाराला ज्यांच्यात रस नाही अशा भाषांतल्या बातम्या, हेही त्यातच आलं. खाजगी वाहिनीने हे करू नये असं नाही, पण तिच्याकडे ते हक्काने मागता येत नाही.

आपली वर्तमानपत्रं बीबीसीला सर्रास 'ब्रिटनची सरकारी वाहिनी' म्हणतात, तेही याच गफलतीतून. ती राजाच्या सनदेवर चालते आणि घरोघरच्या परवाना शुल्कावर. इराक युद्धाच्या बातमीवरून सरकारशी वाजलं आणि जानेवारी २००४ मध्ये लॉर्ड हटन यांच्या चौकशी अहवालानंतर तिचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघेही पायउतार झाले. खरोखर सरकारी वाहिनी असती तर भांडण तिथवर गेलंच नसतं. अर्थात शुल्क किती ते सरकार ठरवतं, तेव्हा गळा तिथेही मोकळा नाही. ग्रीसमध्ये तर जून २०१३ मध्ये सरकारने ईआरटी ही सार्वजनिक वाहिनी एका रात्रीत बंद केली होती.

आता दबाव आणि दडपण. एकच नव्हेत, बाईंची शंका रास्त आहे. दबाव आणतात, टाकतात. त्याला कर्ता लागतो. दडपण येतं, वाटतं. ते मनावर असतं, परीक्षेचं असतं तसं. मंत्र्याच्या कचेरीतून फोन आला, तो दबाव. फोन आला नाही तरी 'ही बातमी राहू दे' असं वृत्तसंपादकाला आपणहून वाटलं, ते दडपण. आणि मग त्याने बातमी दडपली: धातू एकच, हे मराठीचं भाग्य. चौकशी समितीला दबाव शोधता येतो, दडपणाची नोंद कुठल्याच वहीत नसते. तिसराही एक शब्द हाताशी ठेवा, 'मिंधेपणा'. सध्या तो एका आडनावाशी यमक जुळवायला वापरला जातो, ते सोडा. ज्याच्या अनुदानावर पगार होतो त्याच्याविषयी बोलताना जीभ अडखळते, त्याला मराठीत याहून चपखल नाव नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'सार्वजनिक प्रसारकांवर सरकार आणत असलेला दबाव आणि त्यातून वृत्तविभागावर येणारं दडपण लोकशाहीला घातक आहे.' लांबलं खरं, पण कुणी काय केलं आणि कुणाचं काय झालं ते कळतं. आणि 'प्रसार भारती' दोन शब्दांत लिहा. जोडून लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण संस्थेचं नाव तसं नाही.