अकरावीला गणित सोडायचं की जीवशास्त्र?

ताई, तुमचं म्हणणं असं, की मुलीला बायोलॉजी मनापासून आवडतं, दहावीला गणितात गुण बेताचेच पडलेत, तिचे बाबा कॉम्प्युटर सायन्स घे म्हणतात आणि क्लासवाले फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी हे चारही विषय ठेवा म्हणतात. सोलापुरात बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गणित जमत नाही म्हणून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), हा विचार आधी डोक्यातून काढा. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन सगळं तिथे येतं आणि बायोलॉजी घेतलेल्यांची त्यातून सुटका नसते. गणित घेतलेल्या मुलांना हेच पुढे मॅथ्सच्या तासाला पुन्हा भेटतं, हात बसतो. नुसती पीसीबीची मुलं तिथे अडखळली की पुढे वर्षभर सूत्रं पाठ करत राहतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, हे घरोघरी पाठ असतं. पण तिथे मन लावून अभ्यास करणारी बहुतेक मुलं चांगले गुण घेतात. माझ्या वर्गातल्या मुलांचं गाडं अडतं ते बहुतेक वेळा फिजिक्सला.

म्हणून सुट्टीत तिला दहावीचीच त्रिकोणमिती आणि समरूपता पुन्हा सोडवायला बसवा. शेजारी बसा, पण उत्तर सांगू नका. गणित समजत नाही की सरावच झालेला नाही, हे तुम्हालाच दिसेल. मुलींच्या बाबतीत 'हिला गणित जमत नाही' हा शिक्का फार लवकर मारला जातो. मला त्याचा मनापासून राग येतो.

कॉम्प्युटर सायन्सबद्दल. हा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचा २०० गुणांचा विषय आहे. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक विज्ञान विषय सुटतो, म्हणजे तुमच्याकडे बायोलॉजीच जाणार. इंजिनिअरिंग पक्कं ठरलेल्यांना तो चांगला, गुणही मिळतात. पण पुढे इथल्या वालचंद इन्स्टिट्यूटला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं झालं तरी बारावीला हा विषय असलाच पाहिजे असं नाही. तिथे लागतं ते फिजिक्स, मॅथ्स आणि राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट. त्या गटात २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे. प्रोग्रामिंग नंतरही शिकता येतं, हे तिच्या बाबांना सांगा.

तुमच्या मुलीसाठी मी चारही विषय सुचवेन. क्लासवाले 'मेडिकल, इंजिनिअरिंग दोन्ही दारं उघडी राहतील' म्हणतात, माझं कारण वेगळं आहे. तिला बायोलॉजी खरंच आवडतं, आणि आजचं बायोलॉजी आकडेमोडीशिवाय पुढे सरकत नाही. आपल्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. नवं वाण तयार करायचं, रोग किती पसरला ते मोजायचं, म्हणजे आनुवंशिकता आणि संख्याशास्त्र दोन्ही आलं. एमबीबीएसपलीकडे बायोटेक्नॉलॉजी, शेतीचं शिक्षण, बी.फार्म. असं बरंच काही आहे, आणि बी.फार्म.ला तर पीसीएम, पीसीबी दोन्ही गटांतून जाता येतं.

भार मात्र खरा आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्स ८० आणि २०. त्यात अकरावी म्हणजे आराम, असं समजू नका. सीईटीला अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो, नीटला मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. पहिल्या सत्रानंतर तिची झोप आणि जेवण बिघडलेलं दिसलं, तर एक विषय कमी करण्याबद्दल कॉलेजात लगेच बोला. त्यात कमीपणा नाही. बायोलॉजी सुटलं तरी वैद्यकीयचा रस्ता कायमचा बंद होत नाही. बारावीनंतर बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजं प्रत्यक्ष बघून या, तिला बरोबर घेऊन. नुसतं नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासात, असल्या प्रवेशाच्या नादी लागू नका, प्रयोग हातानं केल्याशिवाय केमिस्ट्री कळत नाही. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावं. टेबलांवर धूळ आहे की वापरल्याच्या खुणा, ते बघा. चारही विषयांचं वेळापत्रक मागून घ्या. मॅथ्सचा तास आणि बायोलॉजीचं प्रॅक्टिकल एकाच वेळी येत असेल, तर ते कॉलेज यादीत खाली टाका.