दुबईला जाण्यापूर्वी : पगारपत्र, भाडेकरार आणि औषधांची पिशवी

प्रश्न : दुबईतील एका कंपनीने मला दरमहा ८,००० दिरहॅम पगार देऊ केला आहे. पत्रात मूळ वेतन ३,००० आणि बाकीचे भत्ते असे लिहिले आहे. एजंट व्हिसाच्या खर्चापोटी दीड लाख रुपये मागतो आहे. होकार द्यावा का?

उत्तर : आधी एजंटाविषयी, कारण ते पैसे एकदा हातातून गेले की परत मिळणे फार कठीण असते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो आणि तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. त्यामुळे व्हिसाच्या नावाखाली दीड लाख देऊ नका आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले तर त्याच्या भरवशावर विमानात बसू नका, कारण त्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे.

पगाराची विभागणी मात्र मला जास्त खटकते. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ वेतनावर मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे वेतन मिळते. तुमच्या पत्राप्रमाणे एका दिवसाचे १०० दिरहॅम, म्हणजे पाच वर्षांचे १०,५०० दिरहॅम होतात. त्याच ८,००० मध्ये मूळ वेतन ५,००० लिहिले असते, तर हीच रक्कम १७,५०० झाली असती. दरमहा हातात येणाऱ्या पगारात काहीही फरक नसताना सात हजार दिरहॅम निव्वळ कागदावरच्या मांडणीमुळे जातात. सही करण्यापूर्वी हा विषय काढण्यात संकोच वाटू देऊ नका. नंतर तो काढून फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : भारतातील बचत खाते तसेच चालू ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर ते खाते अनिवासी, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. तिकडची कमाई भारतात पाठवण्यासाठी एनआरई खाते वेगळे उघडावे.

प्रश्न : एका ओळखीच्या गृहस्थांच्या फ्लॅटमध्ये खोली मिळते आहे. भाडे रोख द्यायचे आहे आणि करारात माझे नाव येणार नाही. काही अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते. दुबईत प्रत्येक भाडेकराराची ‘इजारी’ या सरकारी यंत्रणेत नोंदणी करावी लागते आणि वीज-पाण्याच्या जोडणीपासून कुटुंबाच्या व्हिसापर्यंत अनेक ठिकाणी हाच कागद मागितला जातो. मूळ भाडेकरूला मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. त्यामुळे उद्या मालकाने दार ठोठावले, तर तुमच्या हातात दाखवायला काहीच नसते. मालकाची परवानगी लेखी घ्या आणि तुमचे नाव सहनिवासी म्हणून नोंदवून घ्या.

स्वतःच्या नावावर घर घेतलेत, तर भाडे वर्षाचे सांगितले जाते आणि पुढील तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. फ्लॅटसाठी वीज-पाण्याची अनामत २,००० दिरहॅम असते. मुदत संपताना मालकाला भाडे वाढवायचे असेल, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास, त्याने ९० दिवस आधी कळवणे बंधनकारक आहे. त्याला घर स्वतःच्या वापरासाठी हवे असेल, तर बारा महिन्यांची नोटीस नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने द्यावी लागते. आठवडाभरात घर रिकामे करा, असा तोंडी निरोप आला म्हणून घाबरून सामान बांधू नका.

प्रश्न : वडिलांना सोबत नेत आहे. त्यांची नेहमीची औषधे नेता येतील का?

उत्तर : बहुतेक नेता येतात, परंतु प्रत्येक गोळीतील घटक तपासा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी किंवा अल्प्राझोलाम ही झोपेसाठी दिली जाणारी गोळी आपल्याकडे घरोघरी सापडते; तिथे मात्र ती नियंत्रित औषधे आहेत आणि त्यांच्यासाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. गोळ्या डबीत सुट्या न भरता मूळ पाकिटातच ठेवा आणि औषधांची रासायनिक नावे लिहिलेले डॉक्टरांचे ताजे पत्र त्याच पिशवीत असू द्या.